शब्दाला जामीन राहिलेला नेता : देशभक्त केशवराव जेधे

पुण्याच्या स्वारगेट चौकातून दररोज हजारो माणसे ये-जा करतात. बारामती आणि इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीच्या गाड्या येथूनच सुटतात. चौकाला आणि त्यावरील उड्डाणपुलाला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. मात्र हे केशवराव कोण, असे गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या तरुणाला विचारले तर बहुधा उत्तर मिळणार नाही. ज्या बारामतीची गाडी तो पकडतो, त्या बारामतीचे लोकसभेतील प्रतिनिधित्व करीत असतानाच या माणसाने जगाचा निरोप घेतला, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असेल.

निवडणुकीचे वर्ष आले की मतदारांची गणिते मांडली जातात. कोणती जात कोणाकडे, कोणते गाव कोणाच्या मागे, कोणता साखर कारखाना कोणाच्या ताब्यात, याची आकडेमोड सुरू होते. अलीकडे हे सारे मोबाइलच्या पडद्यावर घडते आणि सकाळच्या चहाबरोबर दारात येणारे छापील वर्तमानपत्र मात्र दरवर्षी थोडे अधिक बारीक होत जाते. अशा वेळी केशवरावांचे चरित्र पुन्हा एकदा चाळावेसे वाटते. मतदारापर्यंत शब्द कसा पोहोचतो आणि त्या शब्दाची जबाबदारी कोण घेतो, या प्रश्नाभोवतीच त्यांचे सारे सार्वजनिक आयुष्य फिरले.

मॅन्शनमधील राजकारण

केशवराव मारुतराव जेधे यांचा जन्म १८९६ सालचा. शिवकाळातील कान्होजी जेधे यांच्याशी नाते सांगणारे हे घराणे पुण्यात तांब्यापितळेच्या भांड्यांच्या व्यवसायात स्थिरावले होते. घरात सुबत्ता होती आणि थोरले बंधू बाबुराव यांच्यामुळे कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी जवळीकही होती. शुक्रवार पेठेतील त्यांचे ‘जेधे मॅन्शन’ पुढे ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील केंद्र बनले. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा वारसा नव्या पिढीने उचलला, तो याच वास्तूच्या आधाराने.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. मतदानाचा हक्क जमीन आणि मालमत्ता यांच्याशी बांधलेला असल्याने मतदार मोजकेच होते; तरीही बहुजन समाजाला मताचे मोल प्रथमच ठळकपणे जाणवले. अडचण होती ती आवाजाची. १८८१ पासून निघणाऱ्या ‘केसरी’चा दबदबा पुण्यात मोठा होता. त्याच्यासमोर श्रीपतराव शिंदे यांचा ‘विजयी मराठा’ किंवा नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील चालवीत असलेला ‘दीनमित्र’ ही अगदी लहान साधने होती. आणि ज्यांच्यासाठी ती निघत, त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते.

केशवराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय काढला, तो गाण्याचा होता. गणेशोत्सवात पुण्यात मेळे निघत. जेधे बंधूंच्या आश्रयाने ‘छत्रपती मेळा’ उभा राहिला. शिवछत्रपतींचे गुणगान आणि प्रस्थापित पुढाऱ्यांवरील बोचरी टीका या मेळ्याच्या पदांतून शहराच्या रस्त्यांवर घुमू लागली. खेड्यांत सत्यशोधक जलसे तमाशाचे रूप घेऊन हेच काम करीत होते. वर्तमानपत्रही त्या काळी एकट्याने वाचायची वस्तू नव्हती. गावात आलेला एखादा अंक चावडीवर किंवा पारावर कोणी तरी मोठ्याने वाची आणि दहा-वीस जण ऐकत. ऐकता ऐकता वाद होई, हरकती निघत. मत बनायचे ते असे, चारचौघांत.

आरोपीच्या पिंजऱ्यात

१९२५ साली केशवराव पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि महात्मा फुले यांचा पुतळा शहरात उभारावा, असा ठराव त्यांनी मांडला. ठरावाला कडाडून विरोध झाला आणि फुल्यांची निंदा करणारे लेखनही प्रसिद्ध झाले. त्याच वादळात दिनकरराव जवळकर या तडफदार तरुणाने ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांच्यावर त्यात अत्यंत जहाल शब्दांत हल्ला चढविला होता. प्रकाशक म्हणून नाव होते केशवराव जेधे यांचे.

पुस्तकाची भाषा आज वाचतानाही अंगावर येते आणि तिचे समर्थन करणे अवघड आहे. मात्र पुढे जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. बदनामीचा खटला उभा राहिला. लेखक जवळकर आणि प्रकाशक जेधे यांच्यासह बागडे आणि लाड असे चौघे आरोपी झाले आणि खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली. १९२६ साली अपिलात त्यांची बाजू एका तरुण बॅरिस्टराने मांडली आणि आरोपी निर्दोष सुटले. त्या बॅरिस्टरांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

छापील पानावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव असलेच पाहिजे, हा नियम इंग्रज सरकारने १८६७ च्या कायद्याने घातला होता. सरकारचा हेतू अर्थातच पाळत ठेवण्याचा होता. तरीही त्यातून एक सार्वजनिक शिस्त निर्माण झाली. ज्याने शब्द पसरविला, तो कोण हे वाचणाऱ्याला कळत होते. त्या शब्दाने दुखावलेल्या माणसाला कोणाकडे बोट दाखवायचे हे माहीत होते, आणि पसरविणाऱ्याला वेळ आली तर पिंजऱ्यात उभे राहावे लागे. तिशीतील केशवराव असे उभे राहिले.

स्वतःलाच ओलांडताना

केशवरावांच्या आयुष्यातील चुकाही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना त्यांनी व जवळकरांनी ब्राह्मणांना त्यात सहभागी करून घेऊ नये, अशी अट घातली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, ही त्यांची भूमिका होती. हे अंतर केशवरावांना उमगायला आणखी काही वर्षे जावी लागली.

१९३० च्या कायदेभंगाने ते वळण आणले. केशवराव सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले आणि ब्राह्मणेतर चळवळीतील तरुणांचा मोठा प्रवाह आपल्याबरोबर काँग्रेसमध्ये घेऊन आले. काल ज्यांच्या विरोधात पदे गायली, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसणे सोपे नव्हते. काकासाहेब गाडगीळ आणि केशवराव ही जोडी महाराष्ट्राच्या राजकारणात गाजली ती यामुळेच. एक ब्राह्मण, दुसरा मराठा. दोघेही मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. शहरी, पांढरपेशी म्हणून ओळखली जाणारी महाराष्ट्र काँग्रेस शेतकऱ्याच्या वाड्यापर्यंत आणि वस्तीपर्यंत पोहोचली, त्यामागे या मैत्रीचा वाटा मोठा आहे. १९३८ साली केशवराव महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी पुन्हा कारावास भोगला आणि पुढे घटना समितीचे सदस्य म्हणूनही काम केले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांची काँग्रेसविषयी निराशा झाली. ज्या शेतकऱ्यांच्या बळावर पक्ष खेड्यांत पसरला, त्यांना सत्तेत स्थान नाही, ही खंत त्यांना आणि शंकरराव मोरे यांना जाचत होती. १९४७-४८ मध्ये त्यातूनच शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र प्रौढ मताधिकार मिळालेल्या मतदाराने काँग्रेसलाच कौल दिला. ज्यांच्या नावाने पक्ष काढला, त्यांनीच तो मोठा होऊ दिला नाही. १९५४ साली केशवराव काँग्रेसमध्ये परतले.

१९५७ चे कोडे

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली, ती केशवरावांच्या अध्यक्षतेखाली. ज्या टिळकांवरील पुस्तकापायी एकेकाळी शिक्षा झाली, त्यांच्याच स्मारकात ते अध्यक्षस्थानी बसले होते. काळाने घेतलेले हे वळण विलक्षण म्हटले पाहिजे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ सुरू झाला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. पुण्यातून ना. ग. गोरे आणि साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. वर्तमानपत्राच्या अग्रलेखाने निवडणूक फिरू शकते, असा विश्वास त्या वर्षाने मराठी माणसाला दिला.

पण याच वर्षी, याच वाऱ्यात, बारामतीतून केशवराव जेधे विजयी झाले आणि तेही काँग्रेसचे उमेदवार म्हणून. समितीच्या स्थापनेच्या सभेचा अध्यक्ष आता समितीच्या विरोधी बाकावर होता. त्यांच्या या निर्णयावर टीका होणे स्वाभाविक होते. तरीही नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या पट्ट्यातील मतदाराने त्यांना निवडले. याला केवळ जातीचे गणित म्हणता येणार नाही; बहुजन समाजाचे पुढारी त्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना होते. तीस-पस्तीस वर्षे हा माणूस लोकांसमोर उघडपणे वावरला होता. त्याने पक्ष बदलले, मते बदलली. पण प्रत्येक वेळी व्यासपीठावर उभे राहून, स्वतःच्या नावानिशी. मतदाराला त्याचा सारा हिशेब ठाऊक होता.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी केशवरावांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्याची स्थापना अवघ्या सहा महिन्यांवर आली होती; ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

एका घरातील दोन बाजू

१९६० साली बारामतीत पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने केशवरावांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उमेदवारी दिली. शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते वसंतराव पवार. त्यांचे धाकटे बंधू शरद तेव्हा विशीतले विद्यार्थी होते. घर शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांचे, उमेदवार सख्खा थोरला भाऊ; पण धाकट्याने प्रचार केला तो काँग्रेसच्या गुलाबरावांचा. गुलाबराव निवडून आले. धाकट्या भावाने बाजू लपवून ठेवली नव्हती. घराला आणि गावाला ती माहीत होती.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत याच बारामतीने पुन्हा एका घरातील दोन उमेदवार समोरासमोर पाहिले. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांच्यातील त्या लढतीत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके ढवळून निघाले. साठ-पासष्ट वर्षांत घरातील मतभेद तसेच राहिले. मतदारापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र पार बदलली.

करोनाच्या साथीत, मार्च २०२० च्या अखेरीस, पुण्या-मुंबईत वृत्तपत्रांची छपाई आणि वाटप काही दिवस थांबले होते. विक्रेते परतले, पण सगळे वाचक परतले नाहीत. अनेकांनी बातम्या मोबाइलवर वाचण्याची सवय लावून घेतली. हे लिखाणसुद्धा आपण पडद्यावरच वाचत आहात. कागद गेला म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण नाही. छत्रपती मेळ्याला तरी कागद कोठे लागत होता? पण मेळा रस्त्यावर गात असे आणि तो कोणाचा हे सर्वांना ठाऊक असे. आज निवडणुकीच्या आदल्या रात्री मोबाइलवर येणारा मजकूर कोणी लिहिला, कोणी पसरविला, शेजारच्याला तोच मजकूर आला की दुसरा, हे कळायला मार्ग नसतो. तो एकट्याला येतो, एकटाच वाचतो आणि त्यावर हरकत घ्यायला पारावर कोणी बसलेले नसते.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क सांगते, की निवडणुकीच्या प्रत्येक छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता असला पाहिजे. चार आण्याच्या हस्तपत्रकालाही कायद्याने मालक दिला. लाखो मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी मजकुराला मात्र मालक शोधावा लागतो आणि तो सापडेपर्यंत मतमोजणी होऊन गेलेली असते. छापील वर्तमानपत्राच्या ऱ्हासात खरे नुकसान आहे ते हे. वर्तमानपत्रेही चुकली, पक्षपाती झाली, विकलीही गेली. पण शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत का होईना, संपादकाचे नाव आणि कार्यालयाचा पत्ता होता. भांडायला जायला एक दार होते.

मतदाराला यावर करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. हाती आलेल्या मजकुराखाली नाव आहे का, एवढे पाहावे. ज्याच्यासाठी कोणी पिंजऱ्यात उभे राहायला तयार नाही, त्या शब्दावर आपले मत खर्चू नये. ‘देशाचे दुश्मन’मधील शब्द चुकीचे होते की बरोबर, हा वाद इतिहासकार करोत, त्या शब्दांखाली केशवराव जेधे यांनी स्वतःचे नाव घातले होते. स्वारगेटहून बारामतीची किंवा इंदापूरची गाडी पकडताना उड्डाणपुलावरील ते नाव दिसले, तर एवढे आठवावे.