पाण्याच्या वैऱ्याचे मोजमाप

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या प्रत्येकाने अणूच्या चिन्हाभोवती इलेक्ट्रॉनचे ठिपके मांडलेले असतात. ते ठिपके ज्यांनी दिले, ते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस. त्यांचे लिथियमवरील काम मात्र फारसे कुणाच्या कानावर नसते.

लुईस यांचा जन्म 1875 चा, मॅसॅच्युसेट्समधला. हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन ते जर्मनीत ओस्टवाल्ड आणि नेर्न्स्ट यांच्याकडे शिकले. पुढे काही काळ मनिलात वजनमापांच्या सरकारी कचेरीतही होते! 1905 पासून मॅसॅच्युसेट्समधील तंत्रविद्या संस्थेत आणि 1912 पासून बर्कलेत ते स्थिरावले.

प्रत्येक धातूचा पाण्यातील विद्युतदाब किती, हे त्यांना नेमके हवे होते. जस्त-तांब्याचे सोपे; कांडी द्रावणात बुडवायची आणि मोजायचे. पण लिथियम पाण्यात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळू लागतो. मोजणार काय?

लुईस आणि फ्रेडरिक कीज यांनी आडवाट धरली. लिथियम पाऱ्यात किंचित विरघळवला. पाऱ्याने बांधलेला हा लिथियम पाण्याशी इतका सावकाश झगडतो की मोजायला उसंत मिळते. मग निखळ लिथियम आणि हे पारदमिश्रण यांच्यातला फरक पाण्याऐवजी प्रोपिलअमाइन या द्रवात मोजला. दोन्ही आकड्यांची बेरीज केली आणि उत्तर आले: हायड्रोजनच्या तुलनेत उणे तीन व्होल्टच्या आसपास. 1913 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आजचा आकडा उणे 3.04, म्हणजे जवळजवळ तोच!

पाणी मात्र सुमारे 1.23 व्होल्टलाच फुटू शकते. म्हणून लिथियमच्या नेहमीच्या बॅटऱ्यांत पाण्याला मज्जाव असतो. 1994 मध्ये कॅनडातील जेफ डान व सहकाऱ्यांनी पाण्याचीच बॅटरी करून दाखवली. त्यांनी शुद्ध धातू टाळून लिथियमचे आयन ऑक्साइडच्या स्फटिकांत ये-जा करतील अशी योजना केली. दाब मिळाला दीड व्होल्टच्या घरात. पाण्याशी तडजोड करायची, तर अर्धा दाब सोडावा लागतो.

लुईस यांचे नाव नोबेलसाठी चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही. नेर्न्स्ट यांच्याशी बिनसलेले त्यांना भोवले, असे अनेक जण मानतात. 23 मार्च 1946 रोजी, सत्तरीतही, ते बर्कलेच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हायड्रोजन सायनाइडवर काम करत होते. विद्यार्थी आत आला, तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते. मृत्यू हृदयविकाराने, अशी नोंद झाली.