न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : कायद्याच्या वाटेने समाजसेवा

कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. त्यात अनुभवाचे शहाणपण आहे, यात शंका नाही. परंतु घरातला कर्ता पुरुष अकस्मात निघून गेला, भावाभावांत घराच्या वाटणीवरून बोलणे बंद झाले, किंवा बहिणीचा हिस्सा कागदावरून गुपचूप नाहीसा झाला, म्हणजे ही पायरी चढावीच लागते. त्या वेळी आपल्या बाजूने बोलणारा जाणता माणूस आपल्यात आहे काय, हा प्रश्न उभा राहतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या मुस्लिम समाजापुढेही हाच प्रश्न होता. त्याला ज्यांनी स्वतःच्या आयुष्याने उत्तर दिले, त्या न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांची ओळख आपण करून घेऊ या.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मुल्ला तय्यब अली हे सुलेमानी बोहरा जमातीतील व्यापारी. घराणे मूळचे खंबायतचे. व्यापारात नाव कमावलेल्या या गृहस्थांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. नुसत्या पैशाने घराणे टिकत नाही, विद्येने टिकते. ज्या काळात समुद्रापलीकडे मुलगा पाठविणे म्हणजे त्याला गमावणे असे लोक मानीत, त्या काळात त्यांनी आपली मुले विलायतेस पाठविली. थोरले बंधू कमरुद्दीन हे तिकडे शिकून सॉलिसिटर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

बद्रुद्दीन यांचे पहिले शिक्षण मदरशात आणि पुढचे एल्फिन्स्टन संस्थेत झाले. लहान वयातच त्यांना डोळ्यांचा विकार जडला. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेले आणि तेथून पुढे शिक्षणासाठी लंडनला ठेवले. मिडल टेंपलमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला, पण डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि १८६४ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. एखाद्याने तेथेच नशिबाला दोष देऊन व्यापाराची गादी धरली असती. बद्रुद्दीन यांनी वर्षभर विश्रांती घेतली, पुन्हा बोट धरली आणि १८६७ साली ते बॅरिस्टर झाले. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत एकदा खंड पडला म्हणून जे शाळा सोडतात, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईस परतले आणि उच्च न्यायालयात वकिली करू लागले. मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. भोवती सगळे इंग्रज वकील, न्यायासनावर इंग्रज न्यायाधीश. अशा ठिकाणी काळ्या माणसाला काम कोण देणार, अशी शंका लोकांना होती. परंतु संथ, स्वच्छ मांडणी, कागदपत्रांचा बारीक अभ्यास आणि साक्षीदाराची नेमकी उलटतपासणी या तीन गुणांवर त्यांनी थोड्याच वर्षांत पहिल्या पंक्तीत जागा मिळविली.

त्या काळी मुंबईच्या न्यायालयात मुस्लिम कुटुंबांच्या मालमत्तेचे दावे कसे चालत, हे समजून घेण्यासारखे आहे. वारसाहक्काच्या बाबतीत मुसलमानांना त्यांचा धर्मकायदा लावावा, असा नियम होता. पण त्याला रूढीचा मोठा अपवाद होता. १८४७ साली, म्हणजे बद्रुद्दीन तीन वर्षांचे असताना, मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी खोजा व कच्छी मेमन जमातींच्या दाव्यांत निकाल दिला. कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागणाऱ्या मुलींना तो मिळाला नाही, कारण या जमातींत मुलींना वारसा न देण्याची रूढी सिद्ध झाली असे न्यायालयाने मानले. शरीयतने दिलेला हक्क रूढीने काढून घेतला आणि न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे नव्वद वर्षांनी, १९३७ साली, शरीयत कायदा मंजूर झाला तेव्हा वारसाहक्कातील रूढीचा हा अंमल बव्हंशी संपला. शेतजमीन मात्र त्या कायद्यातून वगळण्यात आली. आपला नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा आपल्याकडे लागू होण्यास १९५९ चा विस्तार कायदा यावा लागला.

१८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आपला समाज त्यांना ओळखत होताच. आता इतरांनीही त्यांची परीक्षा पाहिली. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर केसरीतील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. अर्ज पुन्हा न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला. सरकारची मर्जी कोणत्या बाजूला आहे हे सर्वांना माहीत होते. खटल्याची तयारी करण्याची पुरेशी संधी आरोपीला मिळाली पाहिजे, हा न्यायाचा साधा विचार त्यांनी केला आणि जामीन मंजूर केला. समोरचा माणूस कोणत्या धर्माचा वा पक्षाचा, हे त्यांनी पाहिले नाही. १९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले.

वाचकहो, त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे शिक्षण. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था निघाली. बंधू कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांसह बद्रुद्दीन तिच्या संस्थापकांत होते. आधी चिटणीस आणि १८९० पासून अखेरपर्यंत अध्यक्ष या नात्याने त्यांनी ती वाढविली. १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली, आणि पुढे बोरीबंदर स्थानकासमोर तिची देखणी इमारत उभी राहिली. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला आणि स्वतःच्या मुलींनाही शाळेत घातले. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, आणि १९०३ साली मुंबईस भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचेही. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव फैज तय्यबजी हेही पुढे न्यायमूर्ती झाले आणि मुस्लिम कायद्यावरील त्यांचा ग्रंथ वकिलांच्या टेबलावर वर्षानुवर्षे राहिला.

हे चरित्र वाचून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, हक्क माहीत नसेल तर तो असूनही नसल्यासारखाच. एक साधे उदाहरण घ्या. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, आई, दोन मुलगे व एक मुलगी. दफनाचा खर्च, कर्ज आणि पत्नीची थकलेली मेहर वजा जाता १,२०,००० रुपये उरले, असे समजा. हनफी कायद्याप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे १५,००० रुपये, आईला सहावा हिस्सा म्हणजे २०,००० रुपये. उरलेल्या ८५,००० चे पाच भाग करून प्रत्येक मुलाला ३४,००० आणि मुलीला १७,००० रुपये. आता स्वतःलाच विचारा, आपल्या आसपासच्या किती घरांत आई आणि मुलगी यांचे हे आकडे कोणी मांडून दाखविले? बहुतेक ठिकाणी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि ईदीला एक साडी देऊन विषय मिटवितात.

दुसरी गोष्ट, कागद. न्यायालय अश्रू पाहून हिस्सा देत नाही, पुरावा पाहून देते. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात कोणाचा हिस्सा किती हे ठरते. नंतर प्रत्यक्ष वाटप होऊन अंतिम हुकूमनामा होतो. या दोन टप्प्यांत कित्येक वर्षे जातात आणि कधी दावा लावणारा निकाल पाहण्यास उरत नाही. म्हणून निकाहनामा, मृत्यूचा दाखला, सातबारा, फेरफार, घराचा उतारा एका पेटीत जपून ठेवा. बक्षीसपत्र म्हणजे हिबा केला तर ताबाही द्या, कारण ताब्याशिवाय हिबा पुरा होत नाही. वसीयत वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापेक्षा जास्तीची करता येत नाही, आणि वारसाला केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. यतीम मुलांची मालमत्ता काका किंवा थोरला भाऊ आपल्या अधिकारात विकू शकत नाही. त्यासाठी १८९० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो आणि विक्रीस परवानगीही घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट अपघाताची. दुसऱ्याच्या चुकीने कोणी दगावल्यास त्याच्या पत्नीला, मुलांना व आईवडिलांना भरपाई मागता यावी, असा कायदा १८५५ पासून आहे. आज रस्त्यावरील अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. तेथे मृताचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून रक्कम ठरते. म्हणूनच ट्रकवर किंवा मोंढ्यात हमालीवर काम करणाऱ्यानेही आपल्या कमाईचा काही लेखी पुरावा ठेवावा. पोलीस पंचनाम्याची नक्कल घ्यावी, आणि कंपनीचा माणूस घरी येऊन पुढे करील त्या कोऱ्या कागदावर विधवेने अंगठा उठवू नये.

पूर्वी आपल्या भागातील माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले आणि अंतर कमी झाले. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला, त्यात समेटाला पहिले स्थान दिले आहे. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना आधार मिळाला, आणि स्त्रियांना न्यायालयात मोफत वकील मागण्याचा हक्कही. दारे उघडी आहेत, आत कसे शिरावे हे सांगणारी माणसे हवी आहेत.

म्हणून पालकांनो, एक विनंती. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्या यादीत वकील आणि न्यायाधीश हे दोन शब्दही लिहा, आणि ते मुलीच्या नावापुढेही लिहा. नवरा वारल्यावर कोर्टाच्या ओट्यावर गोंधळून उभ्या राहिलेल्या बाईशी एखादी मुलगी वकील जितक्या सहज बोलेल, तितके दुसरे कोणी बोलणार नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव केवळ सामान्यज्ञानाच्या प्रश्नासाठी पाठ करू नका. अधू डोळ्यांनी त्यांनी जाडजाड ग्रंथ वाचले. तुमचे डोळे अल्लाहच्या कृपेने धड आहेत. वाचा, कायदा समजून घ्या, आणि सुरुवात आपल्याच घरातल्या कागदांच्या पेटीपासून करा. त्या पेटीत बहिणीचे नाव आहे की नाही, हे आधी पाहा.