वसतिगृहाची माउली : लक्ष्मीबाई भाऊराव पाटील

आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीसुनांकडे चालत आलेला दागिना जपण्यात घराण्याची प्रतिष्ठा मानली जाते. लक्ष्मीबाई पाटील यांनी आपला दागिना मोडला. त्यांची कीर्ती मात्र त्यातूनच अखंड राहिली.

सधन जैन कुटुंबातील लक्ष्मीबाई विवाहानंतर अंगभर सोने घेऊन भाऊरावांच्या संसारात आल्या. कर्मवीरांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांची मुले तेथे एकत्र राहत व एकाच पंगतीत जेवत. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या स्त्रीसाठी ही पंगत सोपी नव्हती. तरीही त्यांनी परंपरेचे ओझे उतरवले, या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवले आणि आजारपणात त्यांची शुश्रूषा केली. विषमतेविरुद्धचा लढा सभांइतकाच स्वयंपाकघरातही लढला जातो, हे त्यांनी आचरणातून दाखवले.

वसतिगृहाचे उत्पन्न तुटपुंजे होते. धान्य संपले की एकेक अलंकार बाजारात जाई. अखेर भाऊराव बाहेरगावी असताना मुलांच्या जेवणाची सोय उरली नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. ज्या समाजात ते सौभाग्याचे सर्वोच्च चिन्ह मानले जाई, त्या समाजात भुकेल्या लेकरांना त्याहून मोठे मानणे ही मूक क्रांतीच होती.

१९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. अवघ्या तीन वर्षांनी, १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. रयतेचा पुढे झालेला वटवृक्ष त्यांना पाहता आला नाही. इतिहासग्रंथांत संस्थापकांची नावे ठळक छापली जातात. चुलीपाशी उभ्या राहिलेल्या स्त्रिया मात्र समासात राहतात. हा अन्याय दूर करणे हे आपले कर्तव्य आहे.

तथागतांनी दानाला पारमितांमध्ये स्थान दिले. परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता दिलेले तेच खरे दान. लक्ष्मीबाईंचे सोने कोणत्याही पेटीत उरले नाही. त्याचे अन्न झाले, अन्नाचे शिक्षण झाले आणि शिक्षणातून माणसे उभी राहिली. वसतिगृहाच्या ताटात जेवून मोठा झालेला प्रत्येक माजी विद्यार्थी या ठेवीचा वारस आहे. वारसा मिळाला, तसा तो पुढच्या लेकरांच्या हाती देण्याची जबाबदारीही आपलीच आहे.