मूठ आवळायला लावणारा सँडो

बिनबाह्यांच्या बनियनला आपण ज्याचे नाव दिले, तो युजेन सँडो १८६७ मध्ये प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मला. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्सन या नामांकित बलवानाला हरवून तो प्रसिद्धीस आला. पुढे त्याने व्यायामशाळा काढल्या, मासिक चालवले. १९०१ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक डॉ. कॉनन डॉयल होते. १९०४-०५ च्या दौऱ्यात तो भारतातही आला.

त्याची खरी कल्पकता दिसते ती हलक्या डंबेलमध्ये. हे डंबेल उभे दुभागलेले असे आणि मधे स्प्रिंगा. हात हलवताना दोन्ही भाग मुठीने दाबून धरायचे. ताकद वाढेल तशा स्प्रिंगा वाढवायच्या. वजन थोडे, श्रम भरपूर.

आज दंडाला पट्टा बांधून, रक्तप्रवाह काहीसा रोखून हलक्या वजनाचा व्यायाम करवतात. युक्ती वेगळी, हेतू तोच. मात्र पट्ट्याचा दाब माणसागणिक मोजून ठरवावा लागतो. तरुणांनी घरी दोरी किंवा रबर आवळून हा प्रयोग करू नये. मज्जातंतूला इजा होऊ शकते, रक्ताची गुठळीही होऊ शकते. सँडोची वाट सोपी आहे: मऊ चेंडू घ्या, दाबा, सोडा, श्वास रोखू नका.

सँडो १९२५ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी वारला. कमावलेल्या शरीराचाही रक्तदाब तपासावाच लागतो.