परिचर्येला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई रानडे

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातील पांढरपेशा घरांतून बाळंतपणासाठी एक काळोखी खोली ठरलेली असे. बंद खिडकी, शेगडीचा धूर, जुनी धुडकी आणि केवळ अनुभवाच्या बळावर काम करणारी सुईण. सोयेर असल्यामुळे घरचे कोणी बाळंतिणीला सहसा शिवत नसे. ससून रुग्णालय 1867 पासून होते. पण तेथे सोवळे मोडेल, परपुरुष तपासील, या धास्तीने अडलेल्या स्त्रीलाही तिकडे नेण्यास पुष्कळ घरे कचरत. शिकलेल्या परिचारिका हव्या होत्या. परंतु कुलीन घरातील मुलीने परक्यांचे मलमूत्र काढावे, ही कल्पनाच समाजाला असह्य होती.

अशा पुण्यात रमाबाईंनी हे कार्य हाती घेतले. 1862 साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी, 1873 मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला आणि अक्षरओळख झाली ती सासरी, पतीच्या हातून व घरच्या स्त्रियांचा रोष सोसून. 1901 साली वैधव्य आले. त्यानंतर त्या पुण्यातील रुग्णालयांत फळे, फुले व पुस्तके घेऊन रुग्णांच्या भेटीस जात, कारागृहातील स्त्रियांनाही भेटत.

1909 साली रानड्यांच्या वाड्यात पुणे सेवासदनाचे वर्ग सुरू झाले. श्री. गोपाळ कृष्ण देवधर यांचे साहाय्य मोलाचे होते. शिवण, शिक्षण यांना विरोध कमी होता. ससूनमध्ये शुश्रूषा व प्रसूतीचे शिक्षण घेण्यासाठी मुली पाठविणे मात्र कठीण गेले. पालकांची समजूत घालावी लागली, शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृह काढावे लागले.

शिकण्यास पुढे आलेल्यांत विधवा होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डोहाळजेवणात, बारशात ज्यांची सावलीही अशुभ मानली जाई, त्यांच्याच हाती नवजात अर्भक सोपविण्याचा हा उपक्रम होता. एका पारितोषिक समारंभात केशवपन केलेली विद्यार्थिनी व्यासपीठावर येताच महाविद्यालयीन तरुणांनी टवाळी केली. एरवी सौम्य असणाऱ्या रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्यांच्या सुशिक्षितपणाविषयीच शंका घेतली आणि त्यांच्या घरातील विधवा बहीण, आत्या, आई यांचे त्यांना स्मरण करून दिले.

जैन आचारात वैयावृत्त्य, म्हणजे साधुजनांची व रुग्णांची सेवा, हे अभ्यंतर तप मानले आहे. उपवासाहून ते सोपे नव्हे. त्यात किळस जिंकावी लागते. रमाबाई जैन नव्हत्या, पण या तपाचा अर्थ त्यांच्या चरित्रातून सहज उमगतो.

आषाढी-कार्तिकीला आळंदीस जाऊन त्या स्वयंसेविकांसह यात्रेकरू स्त्रियांना साहाय्य करीत. 1924 साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी सेवासदनाच्या विविध शाखांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. 1962 मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.