फाशांचा वैद्य

बायकोचे दागिने गहाण टाकायला निघालेला माणूस आपल्याला नवा नाही. जुन्या नाटकांत, कादंबऱ्यांत आणि दुर्दैवाने एखाद्या ओळखीच्या घरातही तो भेटलेला असतो. पण १५३२-३३ च्या सुमारास उत्तर इटलीतल्या गाल्लाराते या लहानशा गावात जो गृहस्थ हा उद्योग करीत होता, तो साधासुधा जुगारी नव्हता. वैद्यकीची पदवी त्याच्यापाशी होती. फाशांच्या खेळाचा हिशेब शास्त्र म्हणून सविस्तर मांडणारा पहिला माणूस म्हणून आज त्याचे नाव घेतात. तरीही लुचियाचे दागिने गेले. मागोमाग घरातले काही सामानही गेले. नशीब पालटेल या आशेने नवराबायको मिलानला आली, तर तिथे त्यांना गोरगरिबांसाठी असलेल्या धर्मशाळेचा आसरा घ्यावा लागला.

या गृहस्थाचे नाव जिरोलामो कार्दानो. गणिताच्या विद्यार्थ्यांना तो घन समीकरणांमुळे माहीत असतो, आणि मोटारींच्या कार्डन शाफ्टला त्याचेच नाव चिकटलेले आहे (त्यामागची कल्पना त्याच्याही आधीची, पण नाव त्याचे राहिले). त्याचे जुगारावरचे पुस्तक मात्र तो गेल्यावर सत्त्याऐंशी वर्षांनी छापले गेले.

जन्म २४ सप्टेंबर १५०१, पाव्हिया. वडील फाझिओ हे मिलानचे वकील आणि गणिताचे व्यासंगी. लिओनार्दो दा व्हिंचीसारखा माणूस भूमितीतल्या शंका घेऊन त्यांच्याकडे येई. आई कियारा. दोघांचे तेव्हा लग्न झालेले नव्हते, आणि ही गोष्ट पोराला जन्मभर नडली. वैद्यकी शिकून तो मिलानला परतला तेव्हा तिथल्या वैद्यांच्या मंडळाने त्याला आत घेतले नाही. कारण काय, तर जन्म औरस नाही. मंडळात नाव नाही तर शहरात धंदा नाही. मग पदुआजवळच्या एका खेड्यात दवाखाना थाटला. तिथे रोगी तुरळक, पैसा त्याहून तुरळक. तिथेच १५३१ साली लुचिया बांदारिनीशी लग्न झाले.

फासे आणि पत्ते मात्र विद्यार्थिदशेपासूनच हातात होते. वडील १५२४ मध्ये वारले, मिळालेला थोडा पैसा संपला, आणि हा हुशार, तिरसट, कोणाशी फारसे न पटणारा तरुण खेळावर पोट भरू लागला. काही काळ ते जमलेही. समोरचा माणूस अंदाजाने पैज लावायचा आणि हा मोजून. मोजणाऱ्याचे पारडे थोडे जड असते, आणि रोज खेळले की तो थोडासा फरकही साठत जातो. मग दागिने का गेले? त्याचे उत्तर गणितात नाही.

तरुणपणचा एक प्रसंग त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. व्हेनिसमध्ये, मेरीमातेच्या जन्माच्या सणादिवशी, तो एका सरदाराच्या घरी पत्ते खेळायला बसला आणि हरला. शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकला नसता. हा गेला आणि उरलेसुरलेही हरला. मग त्याच्या ध्यानात आले की पत्ते खुणेचे आहेत. त्याने खंजीर काढून यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, आपले आणि त्याचेही पैसे गोळा केले, आदल्या दिवशी हरलेले कपडे आणि अंगठ्या घेतल्या. जखम पाहून काहीसा वरमला असावा, कारण त्यातले थोडे पैसे त्याने परत फेकले. मग नोकरांना धमकावून दार उघडायला लावले आणि निसटला. त्याच रात्री शिपायांना चुकवत फिरताना पाय घसरून तो पाण्यात पडला. एका जाणाऱ्या नावेतल्या लोकांनी त्याला वर ओढले, आणि पाहतो तर नावेत चेहऱ्याला पट्टी बांधून तोच यजमान बसलेला! त्या भल्या माणसाने कोरडे कपडे दिले आणि दोघे एकाच नावेतून पदुआला गेले. कार्दानोच्या आत्मचरित्रातल्या सगळ्याच गोष्टी तोलून घ्याव्या लागतात, पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे तरी त्याने रंगवून सांगितलेले वाटत नाही.

मिलानमध्ये दिवस हळूहळू पालटले. १५३४ मध्ये वडिलांची जुनी गणित शिकवण्याची जागा त्याला मिळाली. फावल्या वेळात तो रोगी तपासू लागला. गुण येऊ लागला, बडी माणसे ओळखू लागली, आणि १५३९ मध्ये त्याच वैद्यमंडळाने अखेर त्याला आत घेतले. पुढे १५४५ मध्ये न्युरेंबर्गला त्याचा बीजगणितावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात तार्ताल्याकडून गुप्ततेच्या वचनावर मिळवलेली घन समीकरणाची रीत होती, त्यावरून दोघांचे जे भांडण जुंपले त्याचा निवाडा गणिताचे इतिहासकार अजून करीत आहेत. आपल्याला त्यात शिरण्याचे कारण नाही.

या भरभराटीच्या काळातही खेळ सुटला नव्हता. बुद्धिबळ चाळीस वर्षे आणि फासे पंचवीस वर्षे आपण खेळलो, तेही वर्षातून काही दिवस नव्हे तर रोज, अशी शरमेची कबुली त्याने उतारवयात दिली आहे. त्यात मान गेला, पैसा गेला आणि वेळ गेला हेही त्याने कबूल केले. मात्र लगेच पुढे, आपल्याला जुगाराची आवड अशी नव्हतीच, दारिद्र्य, आजार आणि लोकांनी केलेला अन्याय यांनी आपल्याला तिकडे ढकलले, अशी मल्लिनाथीही केली. अशी कैफियत ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल.

त्या पंचवीस वर्षांतूनच ते पुस्तक झाले. लॅटिनमधले, लहानसे आणि काहीसे विस्कळीत. तरुणपणी सुरू केले आणि साठी उलटेपर्यंत त्यात भर घालत राहिला. जुगार हे वाईटच धरले, तरी इतके लोक तो खेळतात म्हणजे ती माणसाच्या स्वभावातलीच व्याधी आहे, आणि असाध्य रोगांवर वैद्याने लिहायचे तसे त्यावरही लिहिले पाहिजे, अशी त्याची भूमिका. म्हणजे रोगीही तोच आणि वैद्यही तोच!

आधी वैद्याचे गणित पाहू. दोन फासे टाकले तर ३६ तऱ्हा, तीन टाकले तर २१६. दोन फाशांत निदान एकावर सहा यावा अशी पैज असेल तर? घाईने बोलणारा म्हणेल, प्रत्येक फाशाच्या सहा, मिळून बारा. कार्दानोने मोजून सांगितले की अकराच, कारण दोन्हीवर सहा येण्याची तहा दोनदा मोजली जाते. बारा आणि अकरा यांत फरक तो किती! पण रोज रात्री त्या एका तऱ्हेवर पैसे लावणारा महिन्याअखेर कुठे पोचतो ते सांगायला नको. निम्मा संभव असलेली गोष्ट लागोपाठ तीनदा घडायची तर आठांत एकदाच, हा गुणाकाराचा नियमही त्याने चुकतमाकत गाठला. अनुकूल तऱ्हा भागिले एकूण तऱ्हा, हे सूत्र आज शाळेत शिकवतात. त्याची बीजे या पुस्तकात आहेत.

फाशांत सगळे उघड असते. पत्त्यांत मात्र समोरच्याच्या हातात काय आहे ते झाकलेले, आणि म्हणून तिथे अकलेला जागा आहे, हेही त्याने ओळखले. त्याच्या काळात इटलीत प्रिमेरो नावाचा खेळ जोरात होता. चाळीस पत्ते, प्रत्येकाला चार, आणि हात न दाखवता पैज वाढवत न्यायची. पोकरच्या पूर्वजांत या खेळाची गणना होते. आपल्या दिवाळीतल्या तीन पत्तीचा नूरही निराळा नाही.

हिशेबाआधी मात्र त्याने पथ्ये सांगितली आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा जीव तिथे आहे. कोणाशी खेळतो आहोत ते पाहावे. पेशेवर जुगाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. रक्कम लहान असावी. क्वचित खेळावे, थोडा वेळ खेळावे, सणासमारंभाच्या निमित्ताने खेळावे. रागाच्या भरात माणसाचा हिशेब सुटतो, तेव्हा मन थाऱ्यावर नसेल तर बसू नये. वैद्य-वकिलांनी तर फारच जपावे. जिंकले तर लोक जुगारी म्हणतात, हरले तर स्वतःच्या विद्येतही हा असाच कच्चा असेल असे समजतात. आणि सर्वांत मोठा फायदा खेळायला न बसण्यात आहे. सफाईने पाने वर यावीत म्हणून पत्त्यांना साबण लावणारे आणि अंगठीतल्या आरशात पाने पाहणारे लबाड कसे ओळखावेत, हेही सांगायला तो विसरला नाही.

आज लहान प्रवेशमूल्याच्या ऑनलाइन पोकर स्पर्धांतून नियमाने पैसा काढणारे जगात जे थोडे आहेत, त्यांचीही पथ्ये याहून वेगळी नाहीत. बहुतेक स्पर्धांत भरलेले पैसे जातातच, क्वचित एखादीत मोठी रक्कम येते. म्हणून जवळच्या गंगाजळीचा अगदी लहान भागच एका वेळी लावायचा. आपल्यापेक्षा कच्चे खेळाडू असतील तिथे बसायचे, बहुतेक हात मुकाट्याने सोडून द्यायचे. वाईट पत्त्याने डाव गेला की डोके फिरते, त्याला ते लोक टिल्ट म्हणतात, आणि तेव्हा उठायचे. (आपल्या संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आपल्याकडे हा विषय वाचण्यापुरताच राहिला.) कार्दानोला व्हेनिसमधल्या त्या दुसऱ्या दिवशी एवढेच करायचे होते. उठायचे. बसायचेच नाही.

आपल्या नलाची गोष्ट इथे आठवते. द्यूतात राज्य घालवलेल्या नलाला ऋतुपर्ण राजा अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो आणि ती विद्या मिळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. कार्दानोने अक्षहृदय स्वतःच शोधून काढले, पण कली काही बाहेर पडला नाही. याचे एक कारण असे दिसते की हिशेब मांडणाऱ्या त्याच डोक्यात शकुन, स्वप्ने, ग्रह आणि पाठीराखा आत्मा यांचाही मुक्काम होता. फाशांचे दान मोजता येते हे सांगून झाल्यावर, काही माणसांना दैवच साथ देते असेही तो त्याच पुस्तकात लिहितो. आणि हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायला तेवढा विश्वास पुरतो.

१५५२ मध्ये त्याला स्कॉटलंडहून बोलावणे आले. तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टनला दम्याने हैराण केले होते. कार्दानोने दिवसचे दिवस एडिंबरोत राहून रोग्याचे खाणे, झोपणे, सगळे पाहिले, पिसांची गादी काढून रेशमाची घालायला लावली, दिनचर्या बांधून दिली. आर्चबिशपला उतार पडला आणि वैद्याला भरघोस बिदागी मिळाली. नुसते निरीक्षण आणि पथ्य! परतीच्या वाटेवर लंडनला त्याने पोरसवदा राजा सहाव्या एडवर्डची पत्रिका मांडून दीर्घायुष्य वर्तवले. पुढच्याच वर्षी पंधराव्या वर्षी राजा वारला.

लुचिया १५४६ मध्येच गेली होती. तीन मुले. थोरला जाम्बातिस्ता बापासारखाच वैद्य, बापाचा जीव त्याच्यावर. त्याने घरच्यांना न कळवता लग्न केले. मुले तुझी नव्हेत असे बायकोने तोंडावर सांगितल्यावर त्याने तिला विष घातले. सुटकेसाठी तिच्या माहेरच्यांनी जी रक्कम मागितली ती कार्दानोच्या आवाक्याबाहेरची होती. एप्रिल १५६० मध्ये पंचविशीतल्या त्या मुलाचा शिरच्छेद झाला. बापाने मिलान सोडले आणि बोलोन्याला प्राध्यापकी धरली.

धाकटा आल्दो. त्याने वैद्यकी उचलली नाही, गणितही नाही. बापाचे फासे तेवढे उचलले. अंगावरचे कपडेसुद्धा तो हरे, आणि बाप पुन्हा पुन्हा त्याचे पैसे भरी. १५६९ मध्ये त्याने बापाच्याच घरात शिरून रोकड आणि दागिने चोरले. एका घरातून दागिने दुसऱ्यांदा निघाले, या वेळी ते न्यायला मुलगा आला होता. कार्दानोने स्वतः अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली आणि आल्दो बोलोन्यातून हद्दपार झाला.

दुसऱ्या वर्षी धर्मन्यायालयाने म्हाताऱ्यालाच पाखंडाच्या आरोपावरून पकडले. काही महिने कैद, नजरकैद, आणि प्राध्यापकी गेली. १५७१ मध्ये तो रोमला गेला. तिथे पुढे पोपकडून निर्वाहवेतन मिळाले. आत्मचरित्र तिथेच लिहून झाले आणि २१ सप्टेंबर १५७६ रोजी, पंचाहत्तरी पुरी व्हायला तीन दिवस असताना, तो वारला. स्वतःच्या पत्रिकेतला मृत्युदिन खरा व्हावा म्हणून त्याने अन्न सोडले अशी आख्यायिका आहे, तिच्यावर फारसा विश्वास ठेवायला नको.

जुगाराचे हस्तलिखित कागदांत पडून राहिले. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांनी पत्रांतून द्यूताचेच कोडे सोडवले आणि संभाव्यताशास्त्राचे जनक ठरले. कार्दानोचे पुस्तक १६६३ मध्ये लिओनला त्याच्या समग्र ग्रंथांच्या दहा खंडांतून बाहेर आले, तोवर त्याची कोणाला गरज उरली नव्हती. १९५३ मध्ये ऑयस्टिन ओरे या नॉर्वेच्या गणितज्ञाने ते बारकाईने उलगडून दाखवले, तेव्हा एक गंमत पुढे आली. एक फासा तीनदा टाकला तर हवे ते दान येण्याचा संभव निम्मा, असे कार्दानो सुरुवातीला ठासून सांगतो. पुढे काही पानांवर तोच २१६ पैकी ९१ हा बरोबर आकडा काढतो. पण मागे जाऊन पहिली चूक त्याने खोडलेली नाही. दोन्ही हिशेब एकाच पुस्तकात, जसेच्या तसे छापलेले आहेत.