कारखान्यात घरे घडवणारे बी. जी. शिर्के

वाईजवळचे पसरणी हे गाव आपण कलाशाखेचे विद्यार्थी ओळखतो ते शाहीर साबळे यांच्यामुळे. परंतु याच गावाने महाराष्ट्राला आणखी एक कर्तबगार पुरुष दिला. शाहिरांच्या आधी पाच वर्षे, १९१८ साली, बाबूराव गोविंदराव शिर्के यांचा जन्म पसरणीत झाला.

खेड्यातला हा मुलगा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून १९४३ साली स्थापत्य अभियंता झाला. पदवीनंतर सरकारी नोकरी हा त्या काळचा राजमार्ग. बाबूरावांनी मात्र १९४४ मध्ये स्वतःचा बांधकाम व्यवसाय सुरू केला.

बांधकाम म्हटले की विटांच्या चळती, वाळूचे ढीग आणि पावसाळ्यात रखडलेले काम आपल्या डोळ्यांसमोर येते. स्वातंत्र्यानंतर शहरांकडे माणसांची रीघ लागली, आणि घरे मात्र जुन्याच गतीने उभी राहत होती. घराचे भाग कारखान्यात तयार करावेत आणि जागेवर केवळ जोडावेत, हा मार्ग बाबूरावांनी धरला. सत्तरच्या दशकात त्यांनी स्वीडनचे सिपोरेक्स तंत्र पुण्यात आणले. सिमेंटच्या लगद्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळली की वायूचे बुडबुडे सुटतात आणि लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग तो तारेने कापून दाबाखालच्या वाफेत पक्का करतात. असा ठोकळा पाण्यावर तरंगण्याइतका हलका असतो. आत सळया घातल्या की त्याचीच छताची फळी होते.

पुढे त्यांची ‘थ्री-एस’ पद्धती रूढ झाली. कारखान्यातून पोकळ खांब, तुळया आणि छताच्या फळ्या येतात. क्रेनने त्या जागी बसवतात. खांबांच्या पोकळीत आणि सांध्यांत सळया व काँक्रीट भरून सारे एकजीव करतात. सेंट्रिंगच्या बल्ल्यांचे जंगल फारसे लागत नाही. म्हाडाच्या वसाहतींत ही पद्धती वापरली गेली. जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुलही शिर्के यांच्याच कंपनीने उभारले.

माझे वडील गवंडी आहेत. अशा इमारतींविषयी ते फारसे बरे बोलत नाहीत. साच्यातून निघालेल्या भिंतीत कारागिराचा हात कुठे दिसतो, हा त्यांचा प्रश्न. तो मला खोटा वाटत नाही. ओळंबा धरून आयुष्य काढलेल्या माणसाचे काम यंत्राने घेतले, ही किंमत आहे आणि ती बाबूरावांच्या थोरवीने फिटत नाही. पण दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात, त्यांना घर एकसारखे आहे की वेगळे, याची चिंता नसते. ते केव्हा मिळणार, एवढीच असते. शिवाय बाराखडी सर्वांची एकच असते, म्हणून लिहिणे एकसारखे होत नाही. भाग सारखे असले तरी त्यात राहणारी माणसे घर आपल्यासारखे करून घेतात.

२००३ साली बाबूरावांना पद्मश्री मिळाली आणि २०१० साली त्यांचे निधन झाले. आज वर्गात बसणारे आपण त्या वेळी अगदी लहान होतो. आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यावरचे छप्पर या माणसाच्या खटाटोपातून आले असेल. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या वाड्यांना जागा असते. सामान्यांच्या घरांचा हिशेब मांडणाऱ्या या अभियंत्यालाही त्यात चार ओळी मिळाव्यात, असे मला वाटते.